रिग्रेट म्हणजे सॉरी न्हवं! इंग्रजीतले जुळे शब्द आणि आपले कागद

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत आपलं फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. पीक विमा, बँकेचे अर्ज, कुठनं तरी आलेलं इंग्रजी पत्र वाचून दाखवणं, असली सगळी कामं. माणसं कागद पुढं करतात आणि म्हणतात, ओ बगा जरा काय लिवलंय. आता पंचाईत अशी होती की कागदावर दोन वेगळे इंग्रजी शब्द असतात, मराठीत सांगताना दोन्हीला एकच शब्द तोंडात येतो, समोरचा मान डोलावून निघून जातो आणि सगळी गोम त्या शब्दातच राहून जाती.

एका काकांना विमा कंपनीचं पत्र आलं (कंपनीचं नाव राहू दे), शेवटच्या ओळीत वी रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स. काका एकदम खूश, म्हणाले कंपनीनं माफी मागितली, आता पैसे सुटत्यात. अहो माफी कुठं मागितली? रिग्रेट म्हणजे झालं ते वाईट झालं, आम्हालाही वाईट वाटलं. ते कुणामुळं झालं याचा त्यात पत्ताच नाही. अपॉलजाइज लिहिलं तर चूक आमची होती असं पदरात घ्यावं लागतं, म्हणून कंपन्या तो शब्द पत्रात सहसा येऊ देत नाहीत. आणि सॉरी तर सगळ्यात बेरकी, कुणाच्या पायावर पाय पडला तरी सॉरी आणि कुणाच्या मयताला गेलो तरी सॉरी, दोन्हीकडं चालतो आणि दोन्हीकडं अर्थ निराळा.

दुसरं त्रिकूट २०१९ च्या पुरापास्नं माझ्या टेबलावर पडून आहे. कॉम्पेन्सेशन, रिलीफ आणि एक्स ग्रेशिया. आपण तिन्हीला सरसकट नुकसानभरपाई म्हणतो, पेपरवालेबी तसंच छापतात. कॉम्पेन्सेशन म्हणजे देणं लागतंय म्हणून देणं. रिलीफ म्हणजे नड आहे म्हणून तातडीनं केलेली मदत. एक्स ग्रेशिया हे लॅटिन आहे, कृपेखातर असा अर्थ, म्हणजे आम्ही देणं लागत नाही तरी देतोय बरं का. सरकारी मराठीत सानुग्रह अनुदान म्हणतात ते बरोब्बर आहे, अनुग्रह आहेच त्यात, पण ते कुणी फोड करून वाचत नाही. मग माणूस येऊन भांडतो की माझं सगळं घर गेलं, सामान गेलं, एवढ्याशा पैशात कसली भरपाई झाली? ती भरपाई नव्हतीच म्हटलं की चिडतो, तेबी माझ्यावरच.

तर माझं म्हणणं एवढंच, असले जुळे शब्द दिसले की नुसता डिक्शनरीतला अर्थ बघून भागत नाही. हा शब्द लिहिला की जबाबदारी कुणाच्या गळ्यात पडती आणि कुणाची सुटती, ते बघायचं. तुमच्याकडं असले शब्द असतील तर टाका हितं.

सडेतोड

एवढं डोकं कशाला लावायचं? फोन काढा, ट्रान्सलेट मारा, दोन सेकंदात अर्थ.

कृष्णाकाठ

@सडेतोड मारा की. रिग्रेटला आणि अपॉलजीला दोन्हीला फिरून फिरून दिलगिरीच येती का नाही बघा आणि सांगा. दिलगिरी व्यक्त करतो म्हणणारा चूक कबूल करतोय का नाही, हे आपल्याकडं मुद्दामच धूसर ठेवलंय.

भिलवडीच्या_बाई

छान धागा. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, आता निवृत्त. मुलं नेहमी विचारायची की बाई, एकाच अर्थाला इंग्रजीत इतके शब्द कशाला? त्याचं उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबाराची भाषा फ्रेंच, चर्चची आणि विद्वानांची लॅटिन, आणि शेतावरच्या माणसाची साधी इंग्रजी. तिन्ही थर एकावर एक बसले आणि तिन्ही टिकले. म्हणून आस्क हा घरचा शब्द, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला आणि इंटरॉगेट थेट लॅटिन. अर्थ विचारणंच, पण आस्क कुणीही कुणालाही करतं, क्वेश्चन केलं की थोडा संशय आला, आणि इंटरॉगेट करायला पोलीस लागतात.

गोठ्यात असतो तो काउ, ताटात आला की बीफ, हेही त्यातलंच. पाळणारे इंग्रज, खाणारे फ्रेंच.

आपल्याकडेही असंच आहे की. शेजारीण विचारते, तहसीलदार चौकशी करतो, आणि पृच्छा फक्त विधानसभेत होते. संस्कृत, फारसी, देशी असे तीन थर आपलेही आहेतच, आपल्याला ते शिकवावे लागत नाहीत इतकंच. बिगिन आणि कमेन्स तसेच. जेवायला कुणी कमेन्स करत नाही, पण बिल्डिंगला कमेन्समेंट सर्टिफिकेट लागतं.

दस्तवाला_मिरज

बाईंना +१. आमच्या धंद्यात तर या थरांचीच भाकरी आहे. इंग्रजी दस्त वाचताना एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द का, विल अँड टेस्टामेंट, गुड्स अँड चॅटल्स, ब्रेकिंग अँड एंटरिंग? एक इंग्रज शब्द आणि त्याच्या जोडीला एक फ्रेंच किंवा लॅटिन. इंग्लंडमध्ये कोर्टातले युक्तिवाद फ्रेंचमध्ये चालायचे, १३६२ साली कायदा करून ते इंग्रजीत आणले, पण वकिलांच्या हाताला दोन्ही शब्द लिहायची सवय लागली ती लागलीच. म्हणजे इथं जुळे शब्द आहेत पण फरक शोधायला जाऊ नका, दोन्ही लिहिले की कुणाला पळवाट राहत नाही, एवढाच हेतू.

पण आपले जुने मराठी खरेदीखत काढा. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. यातल्या प्रत्येक शब्दाला काम आहे. निधी म्हणजे जमिनीत सापडलेलं धन, आणि निक्षेप म्हणजे कुणीतरी ठेव म्हणून ठेवलेलं. दोन्ही जमिनीतच, पण एकाला मालक नाही आणि एकाला आहे. हल्लीची पोरं दस्त टाइप करताना ही ओळ कॉपी-पेस्ट करतात आणि तरू आणि तृण मध्ये स्वल्पविराम विसरतात ते वेगळं.

३२_शिराळा

आमच्या गावाचं नाव काढल्याशिवाय सापाचा विषय होत नाही म्हणून मीच काढतो. नाग हा व्हेनमस, पॉयझनस न्हवं. टीव्हीवाले नागपंचमीला कॅमेरा घेऊन येतात आणि पॉयझनस कोब्रा पॉयझनस कोब्रा करत सुटतात.

साधं आहे, जो चावून किंवा टोचून तुमच्या रक्तात सोडतो ते व्हेनम. जे तुम्ही खाल्लं, प्यालं, अंगाला लागलं आणि बाधलं ते पॉयझन. धोतरा पॉयझनस, नाग व्हेनमस. मराठीत दोन्हीला विषच, म्हणून गोंधळ. दवाखान्यातबी इंजेक्शन असतं ते अँटी स्नेक व्हेनम, चौघांवर एकच चालतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, म्हणून त्याला पॉलिव्हॅलंट म्हणतात. औषध फवारताना नाकातोंडात गेलं तर त्याचा उपचार पूर्ण वेगळा. तिथं गेल्यावर डॉक्टरला नुसतं विषबाधा म्हणून सांगू नका, चावलंय का पोटात गेलंय ते आधी सांगा.

द्राक्षबागाईत

@३२_शिराळा औषधाचं नाव काढलंस म्हणून. फवारणीच्या डब्यावर चौकोन असतोय बग, अर्धा रंगीत, त्यातला शब्द कोण वाचतंय? मी सांगतो. लाल रंग असला की पॉयझन आणि वर कवटी. पिवळा असला तरी पॉयझनच, पण कवटी नाही. निळा असला की डेंजर. हिरवा असला की कॉशन. म्हणजे विष, धोका, जपून असं उतरत जातंय. आमच्यात काय होतंय, हिरव्यावर कॉशन लिवलंय म्हणजे निरुपद्रवी असं समजून गडी उघड्या अंगानं फवारतोय. कॉशन म्हणजे काय होत नाही असं न्हवं, कमी होतंय एवढंच. आणि डेंजर हा शब्द कानाला पॉयझनपेक्षा भारी वाटतोय पण डब्यावर तो खालच्या नंबरचा आहे, हे मला दुकानदारानं सांगितल्यावर पटलं नाही, मग कृषी सहायकाला विचारलं, त्यांनी पण तेच सांगितलं.

गावभाग_सांगली

वा, डेंजरचा विषय निघाला. आम्ही गावभागातली माणसं, पावसाळ्यात आमचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या आकड्यावर. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता बघा, आपल्या मराठीत इशारा आणि धोका असे दोन स्वच्छ शब्द आहेत, लहान पोराला पण कळतंय की ४० ला सामान माळ्यावर टाकायचं आणि ४५ च्या आत निघायचं.

पण हवामान खात्याच्या रंगांचं बघा. त्यांच्याकडं पिवळा म्हणजे वॉच, लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे अलर्ट, तयारीत राहा. लाल म्हणजे वॉर्निंग, आता हालचाल करा. तीन रंगांना तीन वेगळे शब्द. आपल्या चॅनेलवाल्यांनी काय केलं, यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट! सगळंच अलर्ट. मग आमची आजी म्हणती, रोजच अलर्ट असतोय, त्यात काय. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

अजून एक राग आहे तो काढून घेतो. कोयनेतून इतके टीएमसी वेगानं विसर्ग, असं छापतात. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी, तो साठा आहे ओ, वेग न्हवं. वेग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. एक लाख क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं तर साधारण ८.६४ टीएमसी जातंय. ज्याच्या घरात पाणी येणार त्याला हा फरक कळायला पाहिजे, न्हाई तर धरणात किती आहे आणि नदीत किती येतंय याचा घोळ होतोय.

विमा_पाटील

आमच्या खात्यातलं एक. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर सम अ‍ॅश्युअर्ड लिहिलेलं असतं आणि मेडिक्लेम, गाडी, दुकान यांच्या पॉलिसीवर सम इन्शुअर्ड. मराठीत दोन्हीला विमा रक्कम. ग्राहक म्हणतो एकच हाय की. एकच नाही दादा.

मरण येणारच आहे, कधी ते माहीत नाही, म्हणून जुन्या ब्रिटिश वापरात त्याला अ‍ॅश्युरन्स म्हणायचे. आग लागेलच असं नाही, म्हणून ते इन्शुरन्स. आता व्यवहारात फरक असा, मुदतीत माणूस गेला आणि क्लेम मंजूर झाला तर सम अ‍ॅश्युअर्ड ठरलेली मिळते, जीव केवढ्याचा होता हे कुणी मोजत बसत नाही. पण दुकानाचा सम इन्शुअर्ड दहा लाख आहे आणि नुकसान दोन लाखाचं झालं तर दोनच, तेही सर्व्हेयरनं मान्य केलं तर. दहा लाख ही छप्पर आहे, त्याच्या वर नाही जायचं. पुरानंतर निम्मी भांडणं याच गैरसमजावरनं होतात, पॉलिसी दहाची होती मग दोनच का. एन्शुअर हा तिसरा भाऊ, त्याचा पैशाशी संबंध नाही, म्हणजे खातरजमा करणं, तो एजंटच्या तोंडात असतो, सर आय विल एन्शुअर.

पलूसचा_शेतकरी

@विमा_पाटील साहेब ते पीक विम्याचं पण सांगा की. आमच्यात मागं म्हणत होते फ्लड वेगळा आणि इनंडेशन वेगळं. पाणी ते पाणी, वेगळं काय त्यात?

विमा_पाटील

हे खरं महत्त्वाचं आहे, जरा सविस्तर लिहितो.

फ्लड म्हणजे नदी, नाला पात्र सोडून बाहेर आला. इनंडेशन म्हणजे जमिनीवर पाणी साचून राहिलं, ते कुठूनही आलेलं असो. दुकानाच्या जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत तर स्टॉर्म, सायक्लोन, टायफून, टेम्पेस्ट, हरिकेन, टॉर्नेडो, फ्लड अँड इनंडेशन अशी आख्खी रांगच लिहिलेली असते, तिथं तुम्हाला फरक शोधायची गरजच नाही, दस्तवाले म्हणतात तसं पळवाट राहू नये म्हणून सगळे घातलेत.

पण प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कुठल्या कारणाचा क्लेम कसा मोजायचा ते वेगळं ठरलंय. मार्गदर्शक सूचनांत पूर आला आणि मोठ्या भागाचं उत्पन्न घटलं तर हिशोब आख्ख्या महसूल मंडळाचा होतो. पीक कापणी प्रयोग घेतात, सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या आकड्याच्या, खाली गेलं तरच सगळ्यांना मिळतं, नाही गेलं तर कुणालाच नाही, तुमचं रान पूर्ण कुजलेलं असलं तरी. इनंडेशन मात्र गारपीट आणि भूस्खलनाच्या शेजारी बसवलंय, स्थानिक आपत्तीत. त्याची पाहणी वैयक्तिक शेताची होते, पण ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. मराठी परिपत्रकात त्याला क्षेत्र जलमय होणे असा शब्द आहे. कुठल्या पिकाला आणि कुठल्या हंगामाला हे संरक्षण लागू आहे ते दरवर्षी राज्याच्या अधिसूचनेत बघायचं, ते बदलत असतं; महाराष्ट्रानं २०२५ च्या खरिपात तर ते काढूनच टाकलं होतं.

त्यामुळं हे संरक्षण लागू असेल त्या हंगामात सोयाबीनमध्ये पाणी उभं राहिलं तर अर्जात नुसतं पुरानं नुकसान असं लिहून मोकळं होऊ नका. शेतात पाणी साचून क्षेत्र जलमय झालं, अमुक तारखेपासून, गट नंबर अमुक, असं लिहा आणि फोटो जोडा.

पलूसचा_शेतकरी

अरारा. आमच्या भावकीत सगळ्यांनी पूर म्हणूनच लिवलं होतं ओ. आणि कळवलं कधी, तर पाणी उतरल्यावर, पंचनामा झाल्यावर.

सडेतोड

बरं, हे मात्र ट्रान्सलेटमध्ये नाही सापडलं. मानलं.

वालचंदचा_पोर

मी इंजिनियरिंगला आहे, आमच्या ग्रुपवर एक महाभाग आहे जो प्रत्येकाच्या मेसेजमधलं लेस काढून फ्युअर टाकायला लावतो. मोजता येतं त्याला फ्युअर, मोजता येत नाही त्याला लेस. लेस वॉटर, फ्युअर बॉटल्स. हा नियम पक्का आहे का उगाच?

भिलवडीच्या_बाई

परीक्षेत पक्का, भाषेत तितका नाही. मोजता येणाऱ्या गोष्टींना लेस लावणं इंग्रजीत हजारेक वर्षं चालत आलेलं आहे. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या माणसानं लिहून ठेवलं की नो लेस दॅन अ हंड्रेडपेक्षा नो फ्युअर दॅन अ हंड्रेड मला जास्त डौलदार वाटतं. आवड म्हणून सांगितलेलं पुढच्या व्याकरणकारांनी नियम करून टाकलं. ब्रिटनमध्ये दुकानांच्या झटपट काउंटरवर टेन आयटम्स ऑर लेस अशी पाटी असायची, त्यावर लोकांनी इतका वाद घातला की टेस्कोनं २००८ मध्ये ती बदलून अप टू टेन आयटम्स केली. दोन्ही शब्दांना टाळून मोकळे झाले.

आणि पैसे, अंतर, वेळ यांना मोजता येत असूनही लेसच लागतं. लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स. तुमच्या महाभागाला हे सांगा, बघा काय म्हणतो.

वालचंदचा_पोर

सांगितलं. म्हणाला सोर्स दे. बाई, तुम्हीच या ग्रुपवर.

भिलवडीच्या_बाई

नको रे बाबा.

दस्तवाला_मिरज

माझा आवडता जोड राहिलाच. अनइंटरेस्टेड आणि डिसइंटरेस्टेड. पहिल्याला गोडी नाही, दुसऱ्याचा हितसंबंध नाही. इंग्रजीत सुद्धा आता लोक दुसरा शब्द पहिल्याच्या जागी वापरतात (आणि बाई सांगतील की फार पूर्वीही वापरायचे), पण कोर्टात फरक जिवंत आहे. साक्षीदार डिसइंटरेस्टेड पाहिजे, म्हणजे निकाल कुठं लागला तरी त्याचं काही जात-येत नाही असा. त्याच्या उलट इंटरेस्टेड विटनेस म्हणजे हितसंबंधी, खटल्यात रस घेऊन ऐकणारा न्हवं. झडतीच्या पंचाला कायद्यात स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असं म्हटलंय. प्रत्यक्षात पोलीस पंच शोधायला लागले की चौकातली सगळी प्रतिष्ठित माणसं आधी अनइंटरेस्टेड होतात आणि मग गायब.

तासगाव_शेड

उशिरा आलो, शेडवर होतो. आमचा बेदाण्याचा धंदा. परदेशी गिऱ्हाइकाबरोबर मेलवर बोलताना रेझिन, सुलताना आणि करंट या तीन शब्दांनी लई घोळ घातलाय. ब्रिटनचा माणूस सुलताना मागतो, अमेरिकेचा रेझिन, आणि माल दोघांना एकच दाखवायचा.

आम्ही काय करतो, द्राक्ष काढलं की डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतो आणि सावलीत रॅकवर टाकतो, म्हणजे साल सैल होऊन लवकर वाळतं आणि रंग हलका राहतो. ब्रिटिश हिशोबात हा सुलतानाच, कारण तिकडं बिनबियांचं द्राक्ष असं बुडवून वाळवलं की सुलताना, न बुडवता उन्हात काळं केलं की रेझिन. अमेरिकेत वाळलेलं कुठलंही द्राक्ष रेझिन. करंट म्हणजे बारीक काळ्या द्राक्षाचा, तो शब्द ग्रीसच्या कॉरिंथ गावावरनं आलाय, आणि ब्लॅककरंटचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते झुडपावरचं वेगळंच फळ, आइस्क्रीममध्ये घालतात ते. कस्टमच्या कागदावर मात्र या सगळ्यांना ०८०६ २० नंबर, ड्राइड ग्रेप्स. तिथं भांडण नाही.

आपल्यात तरी काय, मनुका आणि बेदाणा. बेदाणा म्हणजे बे दाणा, बी नसलेला, फारसीतनं आलेला. बी असलेला जाड काळा तो मनुका. पुण्याचं गिऱ्हाईक पिवळ्या बेदाण्याला मनुके म्हणून मागतंय, आम्ही गप देतो, दर बेदाण्याचा लावतो.

बरं माझा प्रश्न. कोल्ड स्टोरेजमधल्या मालावर बँकेकडनं कर्ज घ्यायचंय. एकानं प्लेज म्हटलं, दुसऱ्यानं हायपोथिकेशन. आणि घरावर आहे ते मॉर्गेज. तिन्ही गहाणच न्हवं का?

बँकेतला_एक

इथं मराठी इंग्रजीपेक्षा सरस आहे, फक्त आपण वापरत नाही. मॉर्गेज म्हणजे स्थावराचं गहाण, घर, जमीन. प्लेज म्हणजे तारण, माल बँकेच्या ताब्यात. हायपोथिकेशन म्हणजे नजरगहाण, माल तुमच्याकडेच, वापरायचा पण तुम्हीच, बँकेची फक्त नजर. ट्रॅक्टर नजरगहाण असतो, म्हणून आरसी बुकावर बँकेचं नाव आणि ट्रॅक्टर तुमच्या दारात. सोनं तारण असतं, म्हणून ते आमच्या तिजोरीत.

तुमचा बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये आहे आणि पावती बँकेकडे जमा करून बँकेच्या परवानगीशिवाय माल हलत नसेल तर ते प्लेज. बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे ती पण याच जातीची, नावातच तारण आहे. पण माल तुमच्याच शेडवर असेल, आत-बाहेर होत असेल आणि तुम्ही महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देत असाल तर हायपोथिकेशन. फरक कुठं पडतो, तर माल कमी भरला तर. प्लेजमध्ये किल्ली ज्याच्याकडे त्याला आधी विचारतात. हायपोथिकेशनमध्ये किल्ली तुमच्याकडे, म्हणून थेट तुम्हालाच धरतात. सही करायच्या आधी कुठला शब्द छापलाय ते वाचा, फॉर्ममध्ये कधीकधी दोन्ही छापलेले असतात आणि एक खोडायचा असतो, तो कुणी खोडत नाही.

तासगाव_शेड

खोडलेला नाही माझ्यात! आत्ता बघितलं. धन्यवाद साहेब, सोमवारी जातो.

कवठ्याहून

कृष्णाकाठ दादा, मला एक सांगा. म्हैसाळच्या कालव्यात आमची जमीन गेली, रक्कम घ्यायला बोलावलंय. गावात म्हणतात रक्कम कमी वाटली तर घ्यायचीच नाही, कोर्टात जायचं. वडील म्हणतात आलेली लक्ष्मी घ्या. घेतली म्हणजे मान्य केली असं होतंय का?

कृष्णाकाठ

हेच ते, रिसीव्ह आणि अ‍ॅक्सेप्ट. रिसीव्ह म्हणजे हातात आलं. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे पटलं. आपण दोन्हीला घेतलं म्हणतो. भूसंपादन कायद्यात याची सोय आहे, रक्कम अंडर प्रोटेस्ट घेतली म्हणजे हरकत राखून घेतली तर वाढीव मागायची वाट खुली राहते. हरकत न लिहिता घेतली तर नंतर तक्रार करायला जागा राहत नाही.

आणि मोबदल्याच्या तक्त्यात सोलेशियम नावाचा रकाना असेल, तो वेगळा बघा. २०१३ च्या कायद्यानं तो मोबदल्याइतकाच म्हणजे शंभर टक्के आहे, दिलासा रक्कम म्हणतात त्याला. कॉम्पेन्सेशन जमिनीचं, सोलेशियम तुमच्या मनाविरुद्ध घेतली त्याचं. दोन्हीची बेरीज बघून एवढेच का म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी दोन्ही रकाने भरलेत का बघा. मुदतीचं आणि पुढच्या अर्जाचं वकिलाला विचारा, ते माझं काम न्हवं.

दस्तवाला_मिरज

आणि ते हरकत राखून सहीच्या वर लिहायचं, सहीच्या खाली न्हवं. खाली लिहिलेलं नंतर घुसडलं म्हणतात. तारीख घाला, आणि त्या पानाची झेरॉक्स तिथल्या तिथंच मागून घ्या.

कवठ्याहून

मराठीत लिहिलं तर चालतंय ना?

दस्तवाला_मिरज

पळतंय. मराठीतच लिहा, म्हणजे तिथल्या क्लार्कला पण वाचता येतंय.